मांजराला मधुमेह झाल्यावर : पहिल्या तीन महिन्यांतली घरची काळजी

आमच्या बोक्याला मधुमेह झाल्याचे सर्वांत आधी मुंग्यांमुळे कळले. अकरा वर्षांचा, नसबंदी झालेला आणि एके काळी पावणेसात किलो भरणारा हा बोका दोन-अडीच महिन्यांत पाच किलोंवर आला होता, पण त्याची भूक उलट वाढलेली असल्यामुळे आजाराची शंका घरात कोणालाच आली नाही. पाण्याचे भांडे दिवसातून तीनदा भरावे लागत होते, तेही आम्ही उन्हाळ्यावर ढकलले. मग एका सकाळी, मोरीच्या ज्या कोपऱ्यात तो अधूनमधून लघवी करत असे तिथे मुंग्यांची रांग लागलेली दिसली आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, याला डॉक्टरांकडे ने, याची शुगर तपासून घे." त्यांचे म्हणणे खरे ठरले.

वाढलेली तहान, वाढलेली लघवी, वाढलेली भूक आणि तरीही उतरणारे वजन ही चार लक्षणे एकत्र दिसली, की मधुमेहाची तपासणी लांबवू नये. काही मांजरे मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात. म्हातारपण म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो, पण ती वाढलेल्या साखरेमुळे मज्जातंतूंना झालेली इजा असते आणि साखर आटोक्यात आल्यावर काही महिन्यांत ती बरीचशी भरून येऊ शकते.

डॉक्टरांनी ज्यांच्या हातात नुकतीच इन्सुलिनची चिठ्ठी ठेवली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे सांगणे थोडक्यात असे, की मोजल्याशिवाय टोचू नये आणि मोजलेले लिहून ठेवल्याशिवाय, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डोस बदलू नये. पुढचा सगळा तपशील याच एका सवयीसाठी आहे.

निदानाची खात्री

मांजर घाबरले की त्याची साखर वाढते, आणि ही वाढ लहानसहान नसते. पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून नेऊन, कुत्र्यांच्या भुंकण्यात बसवलेल्या निरोगी मांजराची साखरही १०० मिलिलिटर रक्तात ३०० मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्यापुढे जाऊ शकते (पुढचे साखरेचे सगळे आकडे याच मापातले आहेत). म्हणून दवाखान्यातल्या एका आकड्यावर निदान करू नये. लघवीतही साखर सापडणे, लक्षणे जुळणे आणि शक्य असल्यास फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी, असे तिन्ही पाहावे; फ्रुक्टोसामाइनमधून मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या साखरेची सरासरी कळते, त्यामुळे त्या दिवशीच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

याच भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. गेल्या काही महिन्यांत खाजेसाठी किंवा हिरड्यांच्या सुजेसाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन अथवा गोळ्या दिल्या असतील तर ते सांगावे, कारण स्टेरॉइडमुळे मांजरांत मधुमेह उद्भवू शकतो आणि इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. दुसरे म्हणजे तोंडाला घाण वास येत असेल किंवा लघवी थेंब थेंब होत असेल तर तेही सांगावे. किडलेले दात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग तसाच राहिला, तर इन्सुलिन कितीही वाढवले तरी साखर हटून बसते.

मांजरांचा मधुमेह बहुतांशी माणसांच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकत जातात. तरीही उपचार बहुधा इन्सुलिननेच सुरू होतो, कारण साखर लवकर उतरवली तर त्या थकलेल्या पेशी सावरण्याची शक्यता असते. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ साली बेक्साग्लिफ्लोझिन आणि वेलाग्लिफ्लोझिन ही मांजरांना तोंडाने द्यायची औषधे मंजूर झाली आहेत, पण ती निवडक मांजरांनाच चालतात आणि त्यांचे स्वतःचे धोके आहेत. घरातल्या आजोबांची मधुमेहाची गोळी तुकडा करून मांजराला देण्याचा विचारही करू नये.

कुपी आणि सिरिंज यांची जोडी

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक मांजराच्या जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये मिळते. माणसांच्या नेहमीच्या इन्सुलिनच्या कुप्या बऱ्याचदा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या असतात, तर मांजरांसाठी अनेक डॉक्टर पसंत करतात ते ग्लार्जिन हे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये १०० युनिटचे असते. प्राण्यांसाठी बनवलेली कॅनिन्सुलिनसारखी इन्सुलिने ४० युनिटची असतात. दोन्ही तीव्रतांच्या सिरिंजा वेगळ्या असतात. ४० युनिटच्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी असते.

आता हिशेब पाहा. १०० युनिटच्या कुपीतले एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर. लाल टोपणाच्या सिरिंजवरची एक युनिटची रेघ म्हणजे ०.०२५ मिलिलिटर. म्हणजे ग्लार्जिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरले, तर मांजराच्या अंगात एकाऐवजी अडीच युनिट जातात. पाच किलोंच्या मांजराला अडीचपट डोस म्हणजे झटके येण्याइतकी साखर उतरू शकते. आम्हाला एका औषधाच्या दुकानातून १०० च्या कुपीबरोबर लाल टोपणाच्याच सिरिंजा दिल्या होत्या; घरी आल्यावर कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी ठेवून वाचला म्हणून चूक ध्यानात आली. तुम्हीही पहिल्या दिवशी आणि नंतर प्रत्येक नवे पाकीट फोडताना हेच करा.

१०० च्या इन्सुलिनसाठी ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज मिळवण्याचा प्रयत्न करावा. मांजराचा सुरुवातीचा डोस बहुधा दर बारा तासांनी एक युनिटच्या आसपास असतो आणि पुढचे बदल अर्ध्या युनिटचे असतात. एक मिलिलिटरच्या जाड सिरिंजवर हा फरक डोळ्यांना नीट दिसतच नाही. डोस अर्थात डॉक्टरांनीच ठरवायचा आणि तो चिठ्ठीवर युनिटमध्ये, आकड्यात लिहून घ्यायचा.

कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दाराऐवजी आतल्या कप्प्यात ठेवावी, कारण दार सतत उघडझाप होते. फ्रीझरमध्ये गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर निरुपयोगी होते. उन्हाळ्यात दुकानातून आणताना थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीबरोबर आणावी, पण बर्फ थेट कुपीला लागू देऊ नये. ज्या गावांत तासन् तास वीज जाते तिथे बंद फ्रिज वारंवार न उघडणे हाच पहिला उपाय आहे. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ झाले किंवा त्यात कण दिसले तर कुपी बदलावी. ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा दुसरे इन्सुलिन कधीही मिसळू नये. मुळातच दुधट दिसणारी इन्सुलिने वेगळी. ती वापरण्याआधी कशी एकजीव करायची हे त्या त्या कुपीच्या कागदावर लिहिलेले असते आणि ते तसेच पाळावे.

इंजेक्शन

पहिले दोन दिवस रिकाम्या सिरिंजने, मऊ उशीवर किंवा संत्र्यावर हात बसवावा. मग मांजर जेवत असताना, मागून किंवा बाजूने, त्याच्या कुशीवरची किंवा पोटाच्या कडेची कातडी चिमटीत उचलावी, म्हणजे तंबूसारखा आकार होतो. त्या तंबूच्या तळाशी, अंगाला समांतर सुई घालून औषध सावकाश सोडावे. मानेवरची सैल कातडी पकडायला सोपी असते, पण कुशीतून औषध अधिक चांगले शोषले जाते असे बरेच डॉक्टर सांगतात. रोज थोडी जागा बदलावी, डावीकडे सकाळी आणि उजवीकडे संध्याकाळी अशी वाटणी लक्षात राहते.

लांब केसांच्या मांजराच्या बाबतीत कधी कधी सुई कातडीतून आरपार जाऊन औषध केसांतच सांडते. सुई काढल्यावर त्या जागी बोट फिरवून वास घ्यावा; ग्लार्जिन सांडले असेल तर बोट ओलसर लागते आणि दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा वास येतो. असे झाले किंवा मांजर उसळल्यामुळे किती औषध गेले हे कळले नाही, तरी पुन्हा टोचू नये. एक डोस चुकल्याने साखर बारा तास चढी राहते, पण दोन डोस पडल्याने मांजर दगावू शकते. घरात दोघे जण इंजेक्शन देत असतील तर फ्रिजच्या दारावर कागद लावून, टोचल्याबरोबर तिथे खूण करण्याचा नियम ठेवावा.

वेळ शक्यतो बारा तासांच्या अंतराची, म्हणजे सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशी, घरातल्या माणसांना झेपेल ती निवडावी. प्रत्येक वेळी नवी सिरिंज वापरावी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून साठवाव्यात आणि बाटली भरली की दवाखान्यात परत द्यावी. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घरातल्या सुया आणि सिरिंजा घातक घरगुती कचऱ्यात धरल्या होत्या. त्या घंटागाडीच्या ओल्या किंवा सुक्या डब्यात टाकल्या, की पुढे हाताने कचरा वेगळा करणाऱ्या माणसाच्या बोटात जातात.

कानातून रक्ताचा थेंब

घरी साखर मोजणे हे अनेकांना क्रूरपणाचे वाटते. मलाही वाटले होते. पण कानाच्या कडेची कातडी फार कमी दुखते, आणि आठवड्याभरात आमचा बोका ग्लुकोमीटरच्या पाकिटाचा आवाज ऐकून स्वतःहून ओट्याशी येऊ लागला, कारण प्रत्येक टोचणीनंतर त्याला उकडलेल्या चिकनचा एक तुकडा मिळत असे. हे बक्षीस टोचणी फसली तरीही द्यावे.

कान गार असेल तर थेंब येत नाही. स्वच्छ पायमोज्यात मूठभर तांदूळ भरून तो थोडा गरम करावा, आधी आपल्या मनगटावर लावून पाहावा आणि मग अर्धा मिनिट कानाला धरावा. कानाच्या बाहेरच्या कडेला एक बारीक शीर दिसते. तिच्यावर न टोचता ती आणि कानाची कड यांच्यामधल्या अरुंद पट्टीत टोचावे. त्या जागी आधी व्हॅसलीनचा पुसट हात फिरवला, तर रक्त केसांत न पसरता मोहरीएवढा गोल थेंब उभा राहतो. कानाच्या मागे कापसाची घडी धरावी म्हणजे सुई आपल्या बोटात जात नाही. थेंबाला स्ट्रिपचे टोक टेकवावे, आकडा वाचावा आणि मग कापूस अर्धा मिनिट दाबून धरावा.

माणसांचा ग्लुकोमीटर वापरता येतो, पण मांजराच्या रक्तात साखर रक्तपेशी आणि रक्तद्रव यांत वेगळ्या प्रमाणात वाटलेली असल्यामुळे तो बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. प्राण्यांसाठीचा अल्फाट्रॅकसारखा मीटर मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास एकच मीटर कायम ठेवावा, त्याचे नाव डॉक्टरांना सांगावे आणि ते देतील त्या मर्यादा त्याच मीटरसाठी आहेत हे विचारून घ्यावे.

वही आणि डोस

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. तारीख, वेळ, टोचण्यापूर्वीची साखर, दिलेले युनिट, खाल्लेले अन्न आणि काही वेगळे दिसले असल्यास ते, एवढे रोज लिहावे. आठवड्यातून एकदा वजन लिहावे. मांजराला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे.

प्रत्येक इंजेक्शनपूर्वी साखर मोजावी आणि कोणत्या आकड्याखाली टोचायचे नाही हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. सुरुवातीला बरेच डॉक्टर ही मर्यादा २०० च्या आसपास ठेवतात, नंतर हातखंडा झाल्यावर ती खाली आणतात. आकडा त्याखाली असेल तर टोचू नये, मांजराला खाऊ घालावे आणि फोन करावा.

टोचण्यापूर्वीचा आकडा अर्धीच माहिती देतो. इन्सुलिनचा सर्वांत जास्त परिणाम मधल्या तासांत होतो, म्हणून डोस बदलल्यावर काही दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, बारा तास दर दोन तासांनी साखर मोजून आलेख काढावा. यात सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान आणि वरचा ३०० च्या आत राहिला, तर उपचार योग्य मार्गावर आहे असे सामान्यतः मानतात. खालचा आकडा ६० असेल आणि सकाळचा ३५० असेल, तर सकाळचा आकडा पाहून डोस वाढवणे ही गंभीर चूक ठरते; साखर फार उतरली की यकृत साठवलेली साखर सोडते आणि त्यामुळेही नंतरचे आकडे चढतात.

ग्लार्जिनचा परिणाम स्थिरावायला काही दिवस लागतात. त्यामुळे डोस वाढवण्याचा निर्णय साधारण आठवड्याने आणि अर्ध्या ते एका युनिटने होतो. पहिल्या दहा दिवसांत आकडे ४०० च्या खाली येत नाहीत म्हणून रात्री झोप लागत नाही, हे मी अनुभवले आहे. तरीही त्या दिवसांत स्वतःच्या मनाने युनिट वाढवू नये.

ताटलीत काय

मांजर मुळात मांसाहारी आहे आणि पिष्टमय पदार्थ पचवण्याची त्याची क्षमता मर्यादित आहे. आपल्याकडच्या कित्येक मांजरांचे आयुष्य दूध-पोळी, दूध-भात आणि पाकिटातल्या कोरड्या दाण्यांवर जाते. मधुमेही मांजराला पोळी, भात आणि दूध बंद करावे लागते, आणि कोरडे दाणे शक्य तितके कमी करून ओल्या, मांसप्रधान अन्नावर आणावे लागते. पिष्टातून मिळणारी ऊर्जा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावी, असा पशुवैद्यकांचा सल्ला असतो.

पाकिटावर पिष्टाचा आकडा बहुधा नसतो, पण तो काढता येतो. १०० मधून प्रथिने, मेद, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजे) यांचे टक्के वजा केले की उरते ते पिष्ट. समजा, कोरड्या दाण्यांत प्रथिने ३२, मेद १२, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८ आहे. मग पिष्ट ३४ उरते. प्रथिने आणि पिष्ट यांना ३.५ ने आणि मेदाला ८.५ ने (एका ग्रॅममागच्या कॅलरींनी) गुणले की ११२, ११९ आणि १०२ मिळतात. एकूण ३३३ पैकी ११९, म्हणजे जवळजवळ ३६ टक्के ऊर्जा पिष्टातून येते. आता ओल्या अन्नाचे पाकीट घ्या, ज्यात प्रथिने १०, मेद ४, तंतू १, ओलावा ८२ आणि राख २ आहे. तिथे पिष्ट १ उरते आणि त्याचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास येतो. राखेचा आकडा दिलेला नसेल तर कोरड्यात ८ आणि ओल्यात २ धरला तरी अंदाज पुरेसा येतो.

घरचे अन्न द्यायचे असेल तर उकडलेले चिकन किंवा मासळी मीठ-मसाल्याशिवाय, काटे काढून द्यावी. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशींना घातक असल्यामुळे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नये. मात्र नुसत्या चिकनमध्ये पुरेसे कॅल्शियम नसते आणि शिजवल्यावर टॉरिन हे मांजराला आवश्यक असलेले पोषकद्रव्यही पुरेसे राहत नाही, म्हणून ते पूर्णान्न म्हणून महिनोन् महिने चालवायचे झाल्यास डॉक्टरांकडून पूरक औषधे ठरवून घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार जोडीला असेल तर आहाराचा निर्णय वेगळा असतो.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. इन्सुलिन चालू असताना दाणे एकदम बंद केले, तर इन्सुलिनची गरज दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरू शकते आणि कालचा योग्य डोस आज जास्त ठरतो. अन्न आठवड्याभरात हळूहळू बदलावे, त्या काळात साखर अधिक वेळा मोजावी आणि बदल सुरू करण्याआधी डॉक्टरांना कळवावे. लठ्ठ मांजराचे वजन उतरवायचे असले तरी उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या जाड मांजराच्या यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो.

साखर उतरली तर

मांजर डगमगू लागले, थरथरले, पलंगाखाली लपले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, वेगळ्याच आवाजात ओरडू लागले किंवा एकदम सुस्त पडले, तर शक्य असल्यास लगेच साखर मोजावी. मीटर हाताशी नसेल तर साखर उतरली असेच समजावे. मांजर शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर त्याच्या आवडीचे अन्न द्यावे, आणि या एका प्रसंगी कोरडे दाणेही चालतात. सोबत चमचाभर मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोजची पूड थोडी थोडी चाटवावी. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात पातळ काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते; बोटावर मध घेऊन गालाच्या आतून, दातांपासून बोट जपत हिरड्यांवर चोळावे आणि तसेच दवाखान्यात निघावे. सुधारल्यासारखे वाटले तरी इन्सुलिन अंगात काही तास काम करत असते, म्हणून दर अर्ध्या तासाने मोजत राहावे आणि पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. मधाची छोटी बाटली आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक ग्लुकोमीटरच्या डब्यातच ठेवावा.

याच्या उलट टोकाचा धोका कीटोनचा. पेशींना साखर मिळत नाही तेव्हा शरीर चरबी जाळते, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लयुक्त होते. उलट्या, खाणे बंद, मलूलपणा आणि श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास असे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लघवीतले कीटोन पाहण्याच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. मांजर लघवीला बसल्यावर मागून लांब दांड्याची, याच कामासाठी ठेवलेली पळी धरली तर नमुना सहज मिळतो. सलग आकडे ३०० च्या वर असतील किंवा मांजराने एक वेळ खाणे टाकले असेल, तर ही पट्टी वापरावीच. खाणे टाकलेल्या मांजराला नेहमीचा डोस देऊ नये आणि इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंदही करू नये. अशा वेळी किती द्यायचे हे पहिल्याच भेटीत विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

इन्सुलिन सुटू शकते का

सुटू शकते, आणि म्हणूनच सुरुवातीचे महिने मोलाचे आहेत. कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी २००९ साली ग्लार्जिन आणि घरची मोजणी यांवर ठेवलेल्या ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निदानानंतर सहा महिन्यांच्या आत या काटेकोर पद्धतीवर आलेल्या मांजरांपैकी ८४ टक्के मांजरांचे इन्सुलिन सुटले, तर उशिरा आलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. ही मांजरे रोज अनेकदा मोजणाऱ्या, चिकाटीच्या पालकांची होती, त्यामुळे हेच आकडे प्रत्येक घरी येतील असे धरून चालू नये; पण लवकर सुरुवात केल्याचा फायदा त्यातून स्पष्ट दिसतो.

आमच्या वहीत ही पायरी अशी दिसते: अकराव्या आठवड्यात दोन युनिटवर असताना टोचण्यापूर्वीचे आकडे १४०, १२८, ११५ असे येऊ लागले. डॉक्टरांनी डोस आधी एकावर, मग अर्ध्यावर आणला, आणि चौदाव्या आठवड्यात तो बंद केला. इन्सुलिनशिवाय चार आठवडे साखर प्रमाणात राहिली, की त्या अवस्थेला मधुमेह माघारी गेला असे म्हणतात. तो कायमचा गेला असे मात्र धरता येत नाही. कोरडे दाणे, वाढलेले वजन, दातांचा संसर्ग किंवा स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन यांपैकी काहीही त्याला परत आणू शकते, म्हणून आजही दर रविवारी सकाळी आम्ही एक थेंब घेतो, आकडा वहीत लिहितो आणि बोक्याला चिकनचा तुकडा देतो.